स्वस्त हेडचा हिशेब

एखादी वस्तू स्वस्त आहे म्हणजे नक्की काय आहे? ती बनवायला खर्चच कमी आला, की खर्च तेवढाच आला पण तो दुसऱ्या कुणीतरी भरला? हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. किंमत दिसते, सूट दिसते, आणि अंगठा आपोआप स्क्रीनवरच्या पिवळ्या बटणाकडे जातो. मला हा प्रश्न पडला तो एका अशा वस्तूमुळे, जी मी आयुष्यात कधी विकत घेईन असं वाटत नाही. जुन्या अमेरिकन व्ही-एट इंजिनासाठी मिळणारं, स्वस्तातलं, मूळ कंपनीने न बनवलेलं सिलिंडर हेड.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि पगार सॉफ्टवेअरचा. पुण्यात असे लोक पैशाला पासरी मिळतील. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले दोष शोधायचे आणि रात्री जेवण झालं की इंजिनं उघडणाऱ्या माणसांचे व्हिडिओ बघायचे, हा आमच्या जमातीचा ठरलेला कार्यक्रम. त्या व्हिडिओंमध्ये एक वाद कायम चाललेला असतो. रोजच्या वापराच्या, मोजक्या पैशांत बांधायच्या इंजिनावर स्वस्त हेड बसवावं की नाही? एक गट म्हणतो, कचरा आहे, हात लावू नका. दुसरा म्हणतो, निम्म्या पैशात ऐंशी टक्के काम होतं, आणखी काय पाहिजे? वाद तांत्रिक वाटतो. पण नीट ऐकलं तर त्यात बरेच प्रश्न मुळात नैतिक आहेत. नक्कल केव्हा चोरी होते? ‘पुरेसं’ कुणी ठरवायचं? आणि आपण वाचवलेले पैसे कुणाच्या खिशातून गेले?

आधी वस्तू समजून घेऊ

शेवरोलेने १९५५ साली एक व्ही-एट इंजिन आणलं. आटोपशीर, त्या काळाच्या मानाने हलकं आणि मोठ्या संख्येने बनवायला सोपं. लोक त्याला ‘स्मॉल ब्लॉक’ म्हणू लागले. पहिलं इंजिन २६५ घन इंचांचं होतं, म्हणजे साधारण ४.३ लिटरचं. १९६७मध्ये त्याच घराण्यात ३५० घन इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन आलं आणि तेच सगळ्यांत लोकप्रिय झालं. पुढच्या पिढ्या धरून २०११मध्ये जनरल मोटर्सने दहा कोटीवं स्मॉल ब्लॉक तयार केलं. आपल्याकडे गल्लोगल्ली स्प्लेंडरचे पार्ट मिळतात, तसं अमेरिकेत या इंजिनाचं आहे. भंगारात मिळतं, कुणाच्या तरी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेलं असतं, आणि त्याचा प्रत्येक भाग बनवणारे दहाजण असतात.

या इंजिनात ब्लॉक म्हणजे खालचा भाग. त्यात पिस्टन वरखाली होतात. हेड म्हणजे त्यावर बोल्टांनी आवळलेलं झाकण. झाकण म्हटलं तरी सगळा श्वासोच्छ्वास तिथे आहे. हवा आणि पेट्रोल ज्या वाटेने आत येतं ते पोर्ट, ती वाट उघडणारे-मिटणारे व्हॉल्व्ह, आणि जिथे स्फोट होतो त्या खोलीचं छत, हे सगळं हेडमध्ये असतं. पेट्रोल जास्त ओतणं सोपं असतं. अवघड असतं ते त्याला पुरेल इतकी हवा आत नेणं. म्हणूनच इंजिन बांधणारे म्हणतात की इंजिन हा शेवटी हवेचा पंप आहे. पंपाचा गळा अरुंद असेल तर खाली काहीही करा, फार फरक पडत नाही.

आता १९७०चं दशक घ्या. १९७०च्या अमेरिकन कायद्याने गाड्यांच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या, शिसंविरहित पेट्रोल आलं, १९७३चं तेलसंकट आलं. कंपन्यांनी इंजिनांचं कॉम्प्रेशन कमी केलं. हेडमधल्या ज्वलनाच्या खोल्या मोठ्या झाल्या, ७६ घन सेंटिमीटरच्या आसपास. १९७५च्या कॉर्व्हेटमधलं साधं ३५० इंजिन, म्हणजे ५.७ लिटरचं धूड, १६५ हॉर्सपॉवर देत होतं. यातली काही घसरण कागदावरचीही होती. १९७२पर्यंत उघडं इंजिन स्टँडवर ठेवून आकडा काढत. नंतर पंखा, सायलेन्सर वगैरे सगळं जोडून मोजायला लागले. पण उरलेली घसरण खरी होती आणि तिचा मोठा वाटा हेडमध्ये होता.

अशा इंजिनाचा एखादा तरुण मालक डोळ्यांसमोर आणा. गाडी वडिलांकडून आलेली किंवा फुटकळ दरात घेतलेली. इंजिनाचा खालचा भाग धडधाकट आहे. हातात थोडे पैसे आहेत. त्याच्यापुढे ढोबळमानाने चार वाटा असतात. आहे ते हेड ठेवायचं. किंवा १९९६पासून शेवरोलेच्या ट्रकांमध्ये आलेलं ‘व्होर्टेक’ नावाचं लोखंडी हेड भंगारातून आणायचं. किंवा हजार डॉलरच्या आसपास मिळणारी, फारसं नाव नसलेल्या विक्रेत्याची अ‍ॅल्युमिनियमची जोडी घ्यायची. किंवा त्याच्या दुप्पट, प्रसंगी त्याहून जास्त मोजून नावाजलेल्या कंपनीची. आपला विषय तिसऱ्या वाटेचा आहे, पण बाकीच्या तीन वाटा बाजूला असल्याशिवाय तिचा न्याय करता येत नाही.

‘अस्सल’ म्हणजे चांगलं?

पहिला आक्षेप नेहमी हा असतो की मूळ ते मूळ. कंपनीने जे बसवलं ते अस्सल, बाकी सगळं डुप्लिकेट. आपल्या तोंडात ‘ओरिजनल’ हा शब्दच प्रशस्तिपत्रकासारखा येतो. टीव्हीचा रिमोट असो की ब्रेकची लायनिंग, दुकानदाराला आपण पहिलं हेच विचारतो, ‘ओरिजनल आहे ना?’

पण स्मॉल ब्लॉकच्या बाबतीत अस्सल म्हणजे काय ते बघा. सत्तरच्या दशकातलं ‘८८२’ या कास्टिंग नंबरने ओळखलं जाणारं हेड शंभर टक्के अस्सल आहे. ते मोठ्या खोलीचं आहे, सुस्त आहे आणि तडे जाण्यासाठी बदनाम आहे. ते वाईट असण्यामागे कुणाचा आळस नव्हता. धुराचा कायदा पाळायचा होता, खर्च आणि वजन कमी करायचं होतं, लाखांनी बनवायचं होतं. त्या अटींत ते उत्तर बरोबर होतं. त्या तरुणाच्या अटी वेगळ्या आहेत, एवढंच.

गंमत म्हणजे जुन्या गाड्यांच्या संग्राहकांच्या बाजारात हेच हेड मोलाचं ठरतं. ज्या गाडीच्या भागांवरचे नंबर आणि तारखा मूळ गाडीशी जुळतात, तिची किंमत वाढते. तिथे आपण इतिहासाचे पैसे मोजतो, आणि त्यात गैर काही नाही. आजीच्या हातचं पितळेचं पातेलं आपण कुकरपेक्षा चांगलं शिजतं म्हणून जपत नाही. गोंधळ होतो तो इतिहासाच्या किमतीला गुणवत्तेची किंमत समजल्यावर. अस्सलपणा फक्त वस्तू कुठून आली ते सांगतो. ती काम कसं करेल हे त्यातून कळत नाही, आणि ती घेणं योग्य की अयोग्य हे तर मुळीच कळत नाही.

म्हणजे ‘मूळ नाही’ हा स्वस्त हेडवरचा आरोप टिकत नाही. पण दुसरा आरोप जास्त गंभीर आहे.

बोल्टांची जागा कुणाची?

हेड ब्लॉकवर बसतं ते ठरावीक जागच्या बोल्टांनी. बोल्ट कुठे, पाण्याच्या वाटा कुठे, सिलिंडरची मध्यं कुठे, हे सगळं १९५५मध्ये ठरलं आणि पहिल्या पिढीच्या स्मॉल ब्लॉकमध्ये दशकानुदशकं जवळजवळ तसंच राहिलं. त्यामुळे एका काळातलं हेड दुसऱ्या काळातल्या ब्लॉकवर बसवता येतं. माझ्या धंद्याच्या भाषेत हा इंटरफेस आहे. आत काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण जोडणीच्या जागा ठरलेल्या. या ठरलेल्या जागांमुळेच बाहेरच्या माणसाला आत काहीतरी करून बघता येतं.

बाहेरच्या माणसाने काय करता येतं याचं एक जुनं उदाहरण आहे. फोर्डने १९३२मध्ये सामान्य माणसाला परवडणारं व्ही-एट आणलं. त्यात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असत आणि जळालेला वायू ब्लॉकमधूनच बाहेर नेलेला असे, त्यामुळे ते तापायचं. झोरा आर्कस-डंटोव्ह नावाच्या स्थलांतरित इंजिनिअरने १९४०च्या दशकात आपल्या भावाबरोबर त्या इंजिनासाठी वेगळी हेड बनवली, व्हॉल्व्ह वर घेतलेली. आपल्याच आडनावांची अक्षरं जोडून त्याने त्यांना ‘आर्डन’ नाव दिलं. मूळ हेतू ट्रकची इंजिनं तापू नयेत हा होता. ती उचलली वेगाच्या वेडाने झपाटलेल्या पोरांनी. पुढे १९५३मध्ये डंटोव्ह जनरल मोटर्समध्ये गेला आणि कॉर्व्हेटशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं. एका कंपनीच्या इंजिनावर परवानगीशिवाय हेड बनवणारा माणूस दुसऱ्या कंपनीत जाऊन तिची सगळ्यांत वेगवान गाडी घडवतो. ज्ञान असंच फिरतं. कुंपणं फार उंच असती तर हे झालं नसतं.

सॉफ्टवेअरमध्ये हीच गोष्ट दोनदा गाजली. कॉम्पॅक कंपनीने १९८२मध्ये आयबीएमच्या पीसीशी जुळणारा कॉम्प्युटर जाहीर केला. त्यातला आयबीएमचा मूळ प्रोग्राम त्यांनी उतरवला नाही. तो काय करतो ते पाहून, मूळ कोड न बघितलेल्या लोकांकडून तो नव्याने लिहून घेतला. आणि अँड्रॉइडसाठी गूगलने जावाच्या इंटरफेसच्या सुमारे ११,५०० ओळी घेतल्या, त्यावरून ओरॅकलने खटला भरला. २०२१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वापर रास्त ठरवला. आज तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय तो बहुधा या भांडणाच्या वारसदारांपैकी एक असेल.

यातून माझ्या मते एक कामचलाऊ रेघ मिळते. जोडणीच्या जागा सगळ्यांच्या. त्यांची नक्कल म्हणजे चोरी नव्हे, कारण नावाजलेल्या महागड्या कंपन्याही जनरल मोटर्सच्याच बोल्टांवर बसल्या आहेत. त्यांची बरीच हेड व्हॉल्व्हचा २३ अंशांचा मूळ कोनसुद्धा तसाच ठेवतात. त्यांनी स्वस्त विक्रेत्याला नुसत्या बोल्टांवरून चोर म्हणणं म्हणजे एका भाडेकरूने दुसऱ्याला उपरा म्हणण्यासारखं आहे.

पोर्टचा आकार मात्र वेगळी गोष्ट आहे. हवा कुठे वळते, कुठे भिंतीपासून सुटते, व्हॉल्व्हच्या बैठकीच्या अलीकडे वाट किती आवळायची, हे कुणीतरी महिनोन् महिने घासून, मोजून, पुन्हा घासून शोधलेलं असतं. हेडमधली अक्कल तिथे आहे. तो आकार साच्यात दाबून, वरचं नाव बदलून विकणं म्हणजे माझ्या प्रोजेक्टचा कोड उचलून फक्त लेखकाचं नाव खोडणं. कायद्यात ते बसो वा न बसो, मला ते बरं वाटत नाही.

अडचण अशी की दुकानाच्या पानावरून यातलं काहीच दिसत नाही. सगळ्या हेडचे फोटो सारखेच चकचकीत. मग ग्राहकाने काय करायचं? तो कोर्ट नाही. पण तो एक गोष्ट बघू शकतो: विक्रेता किती बोलतो. हेड कुणी डिझाइन केलं, कुठे ओतलं, व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग कुणाच्या आहेत, हे जो सांगतो त्याच्याकडे लपवण्यासारखं कमी असतं. ज्याच्याकडे फक्त चकचकीत फोटो आणि एक मोठा आकडा आहे, त्याचं गप्प बसणंही त्या कमी किमतीत धरलेलं आहे.

तीन प्रकारचं स्वस्त

इतकं झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येता येईल. स्वस्त हेड स्वस्त का असतं? मला तीन कारणं दिसतात आणि तिन्हींचा नैतिक रंग वेगवेगळा आहे.

पहिलं, जे नको होतं ते वगळलंय. महागड्या हेडमध्ये पोर्ट संगणकाच्या मशीनने आतून कोरतात. त्याला मशीनचा वेळ लागतो, आणि मशीनचा वेळ म्हणजे पैसा. स्वस्तात पोर्ट ओतताना जसे निघाले तसे ठेवतात. सिग्नलला थांबणाऱ्या, बाजारात जाणाऱ्या गाडीला त्या शेवटच्या कोरीवकामाचा फार उपयोग नसतो. हा काटकसरीचा सगळ्यांत स्वच्छ प्रकार. इथे कुणाचंच नुकसान नाही. आपल्या घरात आई लग्नाच्या पंगतीला वेगळा तांदूळ आणते आणि रोजच्या भाताला वेगळा, त्यात कुणाची फसवणूक नसते.

दुसरं, काम तुमच्यावर ढकललंय. व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो त्या गाइडमधली फट नीट आहे का, व्हॉल्व्ह बैठकीवर गोल टेकतो का, स्प्रिंगचा जोर सांगितला तेवढा आहे का, ओतकामाची वाळू किंवा धातूचा कीस आत राहिलाय का, हे सगळं तपासायला माणूस लागतो. स्वस्त हेडमध्ये तो माणूस बऱ्याचदा पगारावर नसतो. ते काम ग्राहकाने करायचं असतं. म्हणून जाणकार सांगतात की खोका उघडल्यावर हेड लगेच बसवू नका. पूर्ण सोडवा, धुवा, मोजा, लागलं तर मशीन शॉपला द्या. त्यात पैसे जातात, आणि कधीकधी सगळं धरून बेरीज महागड्या हेडच्या जवळ पोचते.

हे वाईट आहे का? माझ्या मते सांगितलं तर नाही, लपवलं तर आहे. ‘हे अर्धवट आहे, उरलेलं तुम्ही करा, म्हणून स्वस्त’ हा सरळ सौदा आहे. ज्याच्याकडे पैसे कमी आणि वेळ जास्त आहे, त्याच्यासाठी तर चांगलाच. मापं घ्यायला शिकतो, हात काळे होतात, इंजिन खऱ्या अर्थाने त्याचं होतं. पण ‘खोक्यातून काढा आणि बसवा’ असं लिहून तेच विकलं, तर तपासणीचा खर्च ग्राहकाला अपघाताच्या रूपात भरावा लागतो. व्हॉल्व्हचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडलं तर पिस्टन, हेड, भिंत, सगळंच जातं. मग वाचवलेले हजार डॉलर शोधत बसायचे.

इथे दुसऱ्या बाजूलाही एक गोष्ट सुनवायला हवी. ‘महाग घ्या, एकदाच घ्या’ हा सल्ला अनुभवी लोक फार सहज देतात. सल्ला चुकीचा नाही. पण तो ज्याच्याकडे एकदाच मोजायला पुरेसे पैसे आहेत त्याच्यासाठी आहे. ज्याच्याकडे नाहीत त्याला तो ऐकवणं म्हणजे ‘तू या छंदात येऊच नकोस’ असं गोड भाषेत सांगणं. स्वस्त भागांनी किती माणसांना दाराच्या आत घेतलं, हाही हिशेबातला एक आकडा आहे, आणि तो जमेच्या बाजूला आहे. जुन्या लॅपटॉपवर पायरेटेड नसलेलं, फुकट लिनक्स टाकून कोडिंग शिकलेली माझी अख्खी पिढी याची साक्ष देईल.

तिसरं, खर्च दुसऱ्याच कुणीतरी भरलाय. आणि हा प्रकार सगळ्यांत कमी दिसतो.

हेड ओतायचं म्हणजे वाळूचे साचे आणि आतल्या पोकळ्यांसाठी वाळूचेच कोअर. धातू गार झाला की कास्टिंग झोडून वाळू काढायची, मग फेटलिंग, म्हणजे कडा घासून साफ करायच्या. या वाळूत सिलिका असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि एकदा झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. धूळ ओढणारी यंत्रणा, चांगले मास्क, ओल्या पद्धतीने काम, कामगारांची नियमित तपासणी, हे सगळं केलं तर धोका खूप कमी होतो. पण या सगळ्याला पैसे लागतात, आणि तयार हेडवर त्यातलं काहीच दिसत नाही. दोन हेड शेजारी ठेवा. एक नीट फाउंड्रीतून आलेलं, एक नसलेलं. चकाकी सारखीच.

हे मराठी वाचकाला दूरचं वाटायला नको. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आपल्याच माणसांच्या फाउंड्र्या आहेत. तिथे ओतलेले इंजिनांचे आणि गाड्यांचे भाग देशात आणि देशाबाहेर जातात. अमेरिकेतली बरीच स्वस्त हेड चीनमध्ये ओतली जातात, आणि तिकडचे लोक ‘चिनी माल’ म्हणून नाक मुरडतात. पण देशाचं नाव हे उत्तर नव्हे. उत्तम फाउंड्री चीनमध्ये असते, कोल्हापुरात असते, अमेरिकेतही असते, आणि वाईटही तिन्ही ठिकाणी असू शकते. एका तिऱ्हाईताने आपल्या फाउंड्रीकडे बघून ‘इंडियन माल, स्वस्त असणारच’ म्हटलं तर आपल्याला जे टोचेल, तेच ‘चिनी माल’ म्हणताना आपण दुसऱ्याला टोचतो. विचारायचं ते एवढंच: किंमत इतकी खाली आली ती यंत्र चांगलं म्हणून, की पंखा बंद म्हणून?

एकट्या ग्राहकाला याचं उत्तर मिळत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून सगळा भार त्याच्या डोक्यावर टाकणंही अन्यायाचं आहे. धुळीची मर्यादा घालणं आणि ती तपासणं हे सरकारचं काम आहे, आणि माल विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं. पण उत्तर मिळत नाही म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, हे मला पटत नाही. प्रश्न विचारणारे ग्राहक असले तर उत्तर ठेवणारे विक्रेते तयार होतात. निदान काही.

आकडा कुणासाठी?

चौथी गोष्ट विक्रेत्याबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे.

हेड विकताना एक आकडा मोठ्या अक्षरांत छापतात: दर मिनिटाला किती घनफूट हवा जाते. हेड एका बाकावर ठेवून, साधारणपणे २८ इंच पाण्याइतका दाबाचा फरक देऊन, व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत हे मोजतात. जाहिरातीत येतो तो सगळ्यांत मोठा आकडा, आणि तो मिळतो व्हॉल्व्ह १३ ते १५ मिलिमीटर उघडल्यावर. साध्या ३५० इंजिनाचा कॅम व्हॉल्व्हला उघडतो सुमारे १० मिलिमीटर. म्हणजे ज्या आकड्यासाठी पैसे मोजले, तिथवर तुमचा व्हॉल्व्ह जातच नाही.

याहून मजेशीर गोष्ट पुढे आहे. आकडा वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे पोर्ट मोठा करणं. पण मोठ्या पोर्टमध्ये इंजिन हळू फिरताना हवेचा वेग पडतो, मिश्रण नीट भरत नाही, आणि गाडी सिग्नलवरून उठताना मेल्यासारखी वाटते. रस्त्यावरचं इंजिन त्याचं बहुतेक आयुष्य मिनिटाला दीड ते साडेतीन हजार फेऱ्यांमध्ये काढतं. तिथे लहान पोर्टचं, कमी आकड्याचं हेड जास्त सुखाचं असतं. भंगारातल्या व्होर्टेक हेडचं नाव याचसाठी झालं. ट्रकसाठी बनवलेलं, छोट्या पोर्टचं, लहान खोलीचं. मिरवायला काही नाही, पण रोज चालवायला झकास. त्यालाही स्वतःचा इनटेक मॅनिफोल्ड लागतो, आणि त्यालाही तडे जातात. बिनचूक असं काही नसतं.

तर मग मोठा आकडा कुणासाठी विकत घ्यायचा? मित्रांना सांगायला. आम्ही कोडचे लोकही यात मागे नाही. दिवसाला दोनशे लोक वापरणार अशा अ‍ॅपसाठी लाखो विनंत्या झेलेल अशी रचना उभारतो, कारण ती बायोडेटात चांगली दिसते. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आठवा आणि शेवटचा फोटो कुठे पाठवलात तेही.

बजेट हा शब्द आपण कमीपणा म्हणून वापरतो. मला तो एक प्रकारचा खरेपणा वाटतो. बजेट ठरवायचं तर आधी कबूल करावं लागतं की माझं इंजिन, आणि माझा दिवस, खरोखर कोणत्या वेगाने फिरतो. जो हे प्रामाणिकपणे ठरवतो त्याला स्वस्त हेड बऱ्याचदा पुरतं. जो ठरवत नाही त्याला महागडंही पुरत नाही, कारण त्याला हवा असलेला आकडा इंजिनाचा नसून डोक्यातल्या प्रेक्षकांचा असतो.

तुटलं तर कुणाचं?

एवढं सगळं मान्य करूनही स्वस्ताला एक कुंपण लागतं. माझं कुंपण असं आहे: वस्तू बिघडली तर नुकसान कुणाचं?

हेड बिघडलं तर बहुतेक वेळा गाडी बंद पडते. टो करून न्यावी लागते, खिसा रिकामा होतो, बायको बोलते. नुकसान घेणाऱ्याचंच. स्वतःच्या पैशांवर जोखीम घ्यायचा प्रत्येकाला हक्क आहे. पण ब्रेकचा पॅड किंवा स्टिअरिंगचा जॉइंट बिघडला तर समोरून चालत येणारा माणूस जातो, आणि त्याने आपल्या काटकसरीला होकार दिलेला नसतो. म्हणून ‘हेडमध्ये काटकसर, ब्रेकमध्ये नाही’ हा गॅरेजमधला साधा नियम मला कितीतरी जाड पुस्तकांपेक्षा पक्का वाटतो. माझ्या कामातही हीच रेघ आहे. स्वतःच्या हौसेच्या प्रोग्राममध्ये मी तपासणी न केलेली फुकट लायब्ररी खुशाल टाकतो. लोकांचे पैसे किंवा दवाखान्यातली औषधं ज्यातून जातात तिथे नाही.

आणि हेडच्या बाबतीत एक तिऱ्हाईत कायम हजर असतो, तो म्हणजे श्वास घेणारा. १९७०नंतर इंजिनांचा गळा आवळला गेला तो लोकांच्या फुप्फुसांसाठी. लॉस एंजेलिसवरचं धुरकं खोटं नव्हतं. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराच्या चाचणीतून सूट आहे. नंतरच्या गाड्यांवर बसवायच्या अशा भागांना तिथल्या मंडळाचा परवाना क्रमांक लागतो. त्या परवान्याच्या चाचण्यांनाही पैसे लागतात, आणि काही भाग स्वस्त असतात ते त्या न केल्यामुळे. आपण सुरुवातीला म्हटलं होतं की हेड म्हणजे हवेची वाट. हवा आत घ्यायचा हिशेब मांडणाऱ्याने बाहेर सोडायचाही मांडायला हवा. चांगलं हेड, योग्य कॉम्प्रेशन आणि नीट ट्यूनिंग असेल तर इंजिन पेट्रोल जास्त चांगलं जाळतं, तेव्हा या दोन हिशेबांचं भांडण नेहमीच असतं असं नाही. पण भांडण झालं, तर कुणाचा हक्क वरचा, यात मला शंका नाही.

मग घ्यावं की नाही?

घ्यावं, असं माझं उत्तर आहे. डोळे उघडे ठेवून. त्यात काय वगळलंय ते माहीत असेल, ढकललेलं काम स्वतः करायची तयारी असेल, आणि बिघडलं तर भोगणारा आपणच असू, तर स्वस्त हेड घेणाऱ्याने कुणापुढे मान खाली घालायचं कारण नाही. आणि ज्याने पोर्ट घासत वर्षं घालवली त्याचीच अक्कल हवी असेल, तर थांबावं, पैसे साठवावेत आणि त्यालाच द्यावेत.

फाउंड्रीतल्या धुळीचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. तो खोक्याबरोबर घरी येतो आणि हेड बसवून झाल्यावरही राहतो. मला त्याचं नीटनेटकं उत्तर सापडलेलं नाही. पुढच्या वेळी ‘इतकं स्वस्त कसं काय?’ असं दुकानात विचाराल, तेव्हा ते घासाघीस म्हणून न विचारता खरंच उत्तर हवं म्हणून विचारा. बघा तरी, समोरचा काय सांगतो.